रिबकाबाईच्या भट्टीवरचा आळ

नगर जिल्ह्यात, कालव्याच्या पाण्यापासून जरा लांब, बोरदरा नावाचे एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला चिंचेखाली कौलारू चर्च, आणि चर्चच्या भोवती ख्रिस्ती मंडळींची घरे. त्या वर्षी नाताळच्या आदल्या आठवड्यात या गावाला शांतवन महाराजांचे पाय लागले. काखेत झोळी, हातात चिपळ्या, अंगात धुवट सदरा, असे ते एसटीतून उतरले आणि पायीच वर आले. ख्रिस्ती कीर्तनकाराला ‘महाराज’ म्हणावे की नाही, यावर शहरातल्या काही पाळकांचा आक्षेप असे. पण गावोगावच्या बायाबापड्या त्यांना महाराजच म्हणत, आणि महाराज हसून म्हणत, “हाक प्रेमाची असली की ओ द्यावी.”

महाराजांच्या कीर्तनाचा विषय एकच, देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञा. लोक म्हणत, त्या तर आम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. महाराज म्हणत, पाठ आहेत म्हणूनच पाठीमागे पडल्या आहेत! मग ते एकेक आज्ञा घरात आणून उभी करत. विसाव्याचा दिवस पाळा असे देवाने सांगितले, तो दिवस सुनेलाही लागू आहे की नाही? रविवारी सासऱ्याने भाकरी थापली तर स्वर्ग कोसळेल का? चोरी करू नको म्हणताना देवाने विजेच्या तारेवर टाकलेला आकडा वगळला आहे का? लोक पोट धरून हसत आणि घरी जाऊन आकडे काढत. असा त्या वाणीचा प्रभाव होता.

आता ज्या बाईमुळे ही कथा घडली तिची ओळख करून द्यायला हवी. तिचे नाव रिबकाबाई वाघचौरे. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. चर्चच्या जागेत तिच्या सासऱ्याने विटांची घुमटाकार भट्टी बांधली होती, आणि भट्टीच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहत असे. वर्षभर ती पाव आणि टोस्ट भाजून पोट भरी. नाताळ जवळ आला की भट्टीला वेगळेच रूप येई. घरोघरच्या बाया रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन तिच्याकडे येत. सकाळी सामान देऊन जायचे आणि आपली पाळी आली की यायचे, अशी रीत होती. मधल्या वेळात रिबकाबाई तूप-साखर परातीत घेऊन तळहाताने फेशी, अगदी पांढरेशुभ्र होईपर्यंत. मग बाया येऊन गोळे वळत, ट्रे भरत, आणि भाजून होईपर्यंत तिच्या ओट्यावर बसत. त्या बसण्यात सगळा सण होता. कुणाची चेष्टा, कुणाच्या लेकीचे बाळंतपण, मध्येच नाताळचे एखादे गाणे. दारात चपलांचा ढीग पडलेला असे आणि हसणे थेट रस्त्यापर्यंत ऐकू येई.

रस्त्याच्या पलीकडे दौलतराव ओहोळ यांची काचेच्या दाराची नवी बेकरी होती. दौलतराव पुण्याला नोकरी करून, गाठीला पैसा बांधून परतले होते. विजेवर चालणारे मोठे ओव्हन, पीठ मळायचे यंत्र, थंड पेयांचा फ्रीज, काय नव्हते त्यांच्याकडे? चर्चच्या पंचमंडळीतही त्यांना मानाची जागा होती. माणसाला आणखी काय हवे, असे तुम्ही म्हणाल. पण मत्सर भरल्या घरातच मुक्कामाला येतो, कारण तिथे त्याला पोटभर खायला मिळते.

दौलतराव काचेआड उभे राहून समोरचा ओटा बघत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइके येत, पैसे देत आणि निघून जात. तिकडे मात्र बाया तासन्‌तास रेंगाळत. समोरून हसण्याची लाट आली की दौलतरावांना वाटे, या मलाच हसतात. दारातल्या चपला बघून त्यांच्या पोटात दुखे. मातीच्या ओट्याचा हेवा काचेचे दुकान करत होते, आता काय बोलावे! त्यांना ती भट्टी नकोच होती. भट्टीपाशी जमणारी माणसे हवी होती, आणि ती विकत मिळत नव्हती.

तशात डिसेंबर लागता लागता एक गोष्ट घडली. दौलतरावांच्या पत्नी एस्तेरबाई पदराखाली ट्रे झाकून मागच्या बोळाने रिबकाबाईकडे जाताना त्यांनी पाहिल्या. घरी आल्यावर दौलतरावांनी बायकोला जाब विचारला. एस्तेरबाई सरळ बाई. म्हणाल्या, तिथल्या नानकटाईला खालून लाली येते, आपल्या ओव्हनला येत नाही, आणि घटकाभर चार बायकांत बसायला मिळते. दौलतराव जेवणावरून उठले. स्वतःची बायकोसुद्धा? त्या घासाचा विंचू झाला आणि तो त्यांना रात्रंदिवस डसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकली. ‘भट्टीवर आपण विश्वासाने दिलेले साजूक तूप नक्की जाते कुठे? समाजाने विचार करावा.’ एवढेच. कुणाचे नाव नाही, आरोप नाही. पण बाया सकाळी तूप ठेवून जातात आणि रिबकाबाई ते एकटीच फेसते, हे सगळ्यांना ठाऊक होते. संशयाला तेवढी फट पुरे झाली. कुणाला मागच्या वर्षीची नानकटाई टाळूला चिकटल्याचे आठवले. कुणी डालड्याचे नाव काढले. मूळ ओळ लहानच होती, तिला पाय फुटले, मग पंख फुटले, आणि आठवडा संपायच्या आत रिबकाबाई चोर ठरली.

तिच्या तोंडावर कुणी काही बोलले नाही. बाया फक्त यायच्या थांबल्या. रस्त्यात भेटल्या की मोबाइलमध्ये बघत पुढे जात. सगळे सामान दौलतरावांच्या ओव्हनकडे जाऊ लागले. इकडे भट्टी विझली. पंचमंडळींची बैठक झाली आणि ठरले की नाताळ झाल्यावर भट्टी पाडायची, मागच्या खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या आणि ती जागा दौलतरावांना गोदामासाठी द्यायची. रिबकाबाईचे घर आणि अन्न दोन्ही एका ठरावात गेले. तिने कुणाशी भांडण केले नाही. भट्टीच्या गार विटांना पाठ लावून ती बसून राही आणि म्हणे, “देवा, तुला तर दिसतंय ना?”

अशा वेळी महाराज बोरदऱ्यात आले. त्यांची उतरण्याची सोय दौलतरावांच्या बंगल्यात केली होती. महाराजांनी तिथे चहा घेतला, घराला आशीर्वाद दिला आणि विचारले, “समोरच्या ओट्यावर दिवा का नाही?” पंचांनी विषय बदलला. तेव्हा महाराजांनी झोळी उचलली आणि ते रस्ता ओलांडून रिबकाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. दौलतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुणासुद्धा तिकडेच गेला!

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कीर्तन झाले. महाराजांनी दहावी आज्ञा निरूपणाला घेतली. शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा हेवा करू नये, असे देव सांगतो. महाराज म्हणाले, “आता बैल गेला, गाढव गेलं, दारात गाड्या आल्या. म्हणून कुणी समजू नये की आज्ञा जुनी झाली. शेजाऱ्याचं जे जे काही असेल ते सगळं त्या आज्ञेत आलं. त्याच्या दारातल्या चपलांची गर्दीसुद्धा त्यात आली.” मंडळी हसली. दौलतराव तेवढे हसले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी चारचौघांत महाराजांची टिंगल केली. म्हणाले, महाराजांना फुकटची भाकरी रिबकाबाईकडे मिळाली, तेव्हा कीर्तनही तिच्याच बाजूचे होणार. आणि बाईची भट्टी तर गार पडली आहे, तेव्हा महाराजांनी चिपळ्या वाजवून ती गरम करून दाखवावी.

हे बोलणे महाराजांच्या कानावर गेले. ते रागावले नाहीत. परत आल्यावर त्यांनी रिबकाबाईला भट्टी पेटवायला सांगितले.

रिबकाबाई म्हणाली, “कुनासाठी पेटवू, महाराज? येक ट्रे येत न्हाई.”

“ज्याने तुझ्यावर आळ घेतला, त्याच्यासाठी पेटव,” महाराज म्हणाले.

भक्तहो, हे ऐकणे सोपे नाही! रिबकाबाईचे डोळे भरून आले. ती सरळ बोलली, “महाराज, माझ्या मनात त्याच्यासाठी राखच हाये. इस्तू कुठून आनू?” महाराजांनी तिला मनातले बघायला सांगितले नाही, हात चालवायला सांगितले. रिबकाबाईकडे जळण म्हणाल तर बाभळीच्या मूठभर काटक्या उरल्या होत्या. विझलेली विटांची भट्टी पुरी तापायला दोन दिवस सतत लाकूड लागते, आणि एवढ्याशा काटक्यांवर घोटभर चहा झाला असता तर पुष्कळ. तरी तिने महाराजांचा शब्द मोडला नाही. रोज सकाळी भट्टीच्या पोटात ती दोन-चार काटक्या पेटवी. महाराज शेजारी बसून प्रार्थना करत. दौलतराव काचेआडून तो बारीकसा धूर बघत आणि गिऱ्हाइकांना दाखवत.

नाताळ दोन दिवसांवर आला. त्या सकाळी दौलतरावांच्या बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. साऱ्या गावाची नानकटाई आणि केक त्यांच्याकडे आलेले. ट्रेवर ट्रे रचलेले. दौलतरावांनी बायांसाठी खुर्च्याही मांडल्या होत्या. त्यांची छाती फुगली होती. आणि ओव्हन लावणार तोच कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सगळ्या गावाची वीज गेली.

वीजवाले आले, बघितले आणि सांगून गेले की नवा डीपी नाताळनंतरच बसेल. तालुक्याला जनरेटरची चौकशी झाली, ते सगळे लग्नांना गेले होते. इकडे केकचे भिजवलेले पीठ बसू लागले. ऊन चढले तसे नानकटाईचे गोळे तूप सोडून पसरू लागले. कुणाचा लेक मुंबईहून यायचा होता, कुणाचे नवे जावई यायचे होते. एवढा जिन्नस दुपारपर्यंत वाया जाणार होता, आणि सणाला घरात काही असणार नव्हते. बाया कुजबुजू लागल्या. शेवटी एस्तेरबाईच उभ्या राहिल्या. त्यांनी आपला ट्रे डोक्यावर घेतला आणि त्या भर रस्त्याने समोर निघाल्या. त्यांच्यामागून एकेक करत साऱ्या निघाल्या.

रिबकाबाई दारात उभी होती. समोर ट्रे घेतलेल्या बायांची रांग, आणि एकीचीही नजर वर होत नव्हती. ती म्हणाली, “आत या. पर येकीनं तरी माज्याकडं बगून या.”

तेव्हा कुठे बायांनी मान वर केली. दोघी-तिघी रडू लागल्या. एस्तेरबाईंनी तिचा हात धरला. मग रिबकाबाई भानावर आली आणि तिने महाराजांकडे पाहिले. भट्टी तर थंड! मूठभर काटक्यांवर एवढ्या ट्रेंचे काय होणार? महाराजांनी डोळे मिटले, आकाशातल्या पित्याला विनवले आणि तिला भट्टी उघडायला सांगितले. रिबकाबाईने भट्टीचे लोखंडी झाकण बाजूला केले. आतून अशी धग आली की पुढच्या बाया मागे सरल्या. तिने चिमूटभर मैदा आत फेकला. विटेवर पडताच तो गुलाबी झाला. भाजायला हवी तशीच आच, ना कमी ना जास्त! आत लाकूड नव्हते, निखारा नव्हता, थोडीशी राख तेवढी होती. जन्मभर भट्टीशी राहिलेली ती बाई तिथेच हात जोडून उभी राहिली.

मग एकच गडबड उडाली. लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत जाऊ लागले आणि खरपूस वासाने ओटा भरून गेला. पहिला ट्रे बाहेर आला तो तांबूस, खालून लाली आलेला. दौलतरावही आता ओट्याच्या कडेला येऊन उभे होते. आपल्या घरचा ट्रे भाजून घ्यायचा आणि निघायचे, एवढाच त्यांचा विचार होता.

पण त्यांचा ट्रे बाहेर आला तो कच्चा! गोळे ठेवले होते तसेच पांढरे, बोट लावले तर रुतत होते. उजवीकडचा ट्रे भाजला, डावीकडचा भाजला, मधला हा कोरा. रिबकाबाईने तो पुन्हा आत सारला, खोल, जिथे आच सगळ्यांत जास्त असते तिथे. पुन्हा कच्चाच आला. दौलतरावांचा चेहरा लाल झाला. ते ओरडले की ही बाई मुद्दाम त्यांचा ट्रे थंड कोपऱ्यात ठेवते आहे.

रिबकाबाईने फळीचा दांडा त्यांच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली. दौलतरावांनी स्वतःच्या हाताने ट्रे आत नेला, भट्टीच्या मधोमध ठेवला आणि तिथेच उभे राहिले. धगीने त्यांच्या भुवया होरपळल्या, सदरा घामाने भिजला. बराच वेळ गेला. मग त्यांनी ट्रे बाहेर ओढला. गोळे तसेच पांढरे होते.

तेव्हा महाराज जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “दौलतराव, या बाईने रोज सकाळी इथे काटक्या पेटवल्या, त्या कुणासाठी, माहीत आहे? तुमच्यासाठी. मग ही आच सगळ्यांना लागते आणि तुम्हालाच का लागत नाही?”

दौलतरावांनी फळीचा दांडा खाली ठेवला. ते म्हणाले, “महाराज, मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.”

“उत्तर माहीत असताना विचारलंत. खोटी साक्ष देऊ नको, ही नववी आज्ञा मोडायला आता कोर्टात उभं राहावं लागत नाही, एक बोट पुरतं. मग आता ते उत्तर द्या.”

दौलतरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि ते काहीतरी लिहू लागले. महाराजांनी हात धरला. “तो ठेवा. खोटी साक्ष बोटाने दिलीत, खरी तोंडाने द्या.”

दौलतरावांनी मोबाइल खिशात ठेवला. गर्व सहज सुटत नाही, अंगावरची कातडी सोलावी तसा तो सुटतो. समोर सारे गाव, त्यात त्यांची पत्नी. शेवटी ते रिबकाबाईकडे न बघता बोलू लागले, आणि मग मध्येच त्यांनी तिच्याकडे पाहिले. म्हणाले, “तूप कुठंही जात नव्हतं. मला ठाऊक होतं. हिने कुणाचं चमचाभरसुद्धा घेतलं नाही. माझ्या दुकानात सगळं होतं, पण तिथं कुणी बसत नव्हतं. इथलं हसणं मला ऐकवत नव्हतं. माझी बायको इथं यायची, तेही बघवलं नाही. म्हणून हिची भट्टी विझावी, असं मला वाटलं. आणि तेवढ्यासाठी मी हिला चोर केलं.” एवढे बोलून ते लहान मुलासारखे रडले.

महाराजांनी रिबकाबाईला खूण केली. तिने डोळे पुसले आणि दौलतरावांचा ट्रे आपल्या हाताने आत सारला. थोड्याच वेळात तूप फुलल्याचा वास सुटला. ट्रे बाहेर आला, तांबूस, भेगाळलेला, साऱ्या ट्रेंसारखाच. प्रभूची करणी ती! ओट्यावर कुणीतरी स्तुतिगीत सुरू केले, आणि बायांनी ते उचलून धरले. पंचांपैकी वडीलधारे होते त्यांनी तिथल्या तिथे ठराव रद्द झाल्याचे सांगितले.

दौलतराव धावत जाऊन महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराज चटकन मागे सरले आणि म्हणाले, “अहो, एक आज्ञा सावरताना पहिली मोडू नका, देवाशिवाय दुसऱ्या कुणाला देव करू नये! गुडघे देवापुढे टेका. आणि मान जिच्यापुढे वाकवायची आहे, ती तिथे उभी आहे.”

दौलतराव गुडघ्यांवर बसले, घटकाभर मनात काही बोलले आणि उठून रिबकाबाईपुढे गेले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान इतकी खाली घातली की डोईवरची टोपी तिच्या पुढ्यात पडली. रिबकाबाईने ती उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. तिच्या मनातली राख कधीच उडून गेली होती.

ती म्हणाली, “दौलतभाऊ, आजून लई ट्रे बाकी हायेत. बसा हितं आन गोळे वळायला लागा.”

बायांनी सरकून जागा करून दिली. एस्तेरबाईंनी परात पुढे ओढली. दौलतराव त्या मातीच्या ओट्यावर मांडी घालून बसले, आणि त्यांनी पहिला गोळा वेडावाकडा वळलेला पाहून सगळ्या जणी हसल्या, तेव्हा तेही मान खाली घालून हसले.

ही कथा वाचताना ज्याला आपला एखादा शेजारी आठवला असेल, त्याने सूर्य मावळायच्या आत त्याच्या दारी जाऊन यावे.